आधी डोमाजी

यवतमाळ, १२ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप मोठेबाबांना अर्पिताचा नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहिते आहे. फाडू नका, मोठ्या आईला तरी वाचायला द्या. कापूस वेचायला बाया मिळाल्या का? डोक्यावरचे टाके ओले करू नका आणि वरून दुपट्टा करकचून बांधू नका.

माझी इमर्जन्सीतली ड्यूटी महिनाअखेरपर्यंत आहे. आम्हा इंटर्नना इथे सगळ्यात आधी शिकवतात, कोणाला आधी बघायचं. मॅडम म्हणतात, ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, गप्प पडलेल्याकडे पळा.

त्या दिवशी दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून भांडून तुम्ही आणि शेजारचे डोमाजीकाका एकाच जीपमधून आलात. तुमचं डोकं फुटलेलं, सदरा लाल. खरं सांगते, माझे पाय तुमच्याकडेच वळले होते. पण तुम्ही नाव घेऊन मला हाका मारत होता आणि काका निळे पडत होते. तुमच्या काठीनं बरगडी मोडून त्यांच्या छातीत हवा भरली होती. मी तुमच्या जखमेवर पट्टी दाबून धरायला लावली, हाताला हिरवी खूण बांधली आणि बाकावर बसवलं. हिरवी म्हणजे थांबू शकतो तो.

"माहं रक्त वाहून राह्यलं अन् तू त्याच्याकडं चालली?" सगळ्या गावासमोर तुम्ही विचारलंत.

मी काकांकडे धावले. मॅडम शेजारी उभ्या राहिल्या, सुई मी टोचली. हवा फुस्स करून निघाली आणि काकांनी डोळे उघडले. सुई पहिल्याच खेपेला नीट बसली, मोठेबाबा. मला त्याचा अभिमान आहे. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

एक गोष्ट लिहू की नको करत इथपर्यंत आले. ते गेले असते तर तुम्ही आज घरी नसता.

पोलिसांना काकांनी सांगितलं, बैलानं ढुसणी मारली. मी तसं सांगायला लावलं नव्हतं. नंतर विचारलं, काहून? तर म्हणाले, "जिनं मले वाचवलं, तिच्याच मोठ्या बापाले आत कसा टाकू?"

शनिवारी त्यांना सुट्टी होईल. मुलगा सुरतेला, न्यायला कोणी नाही. तुम्ही जीप घेऊन या. धुऱ्याचं मग बघू. मला काय बोलायचं ते तेव्हा बोला, मी त्याच बाकावर बसून ऐकेन.

तुमचीच, पण ड्यूटीवर ज्याचा श्वास अडकला आधी त्याची,
अर्पिता