‘पुनर्रचना’ हा शब्द खोडताना

सर,

तुमच्यावरचा राग मनात धरून मी कोलोनमध्ये एक कंपनी चालवली. हे तुम्हाला माझ्याशिवाय दुसरं कोण सांगणार?

पुण्यातला तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. तुमच्या हाताखाली दैनिकाच्या अर्थपानावर रुजू होऊन मला जेमतेम दोन महिने झालेत. भोसरीतल्या एका कारखान्याची बातमी मी कंपनीच्या पत्रकावरून जशीच्या तशी उतरवलीय, वर ‘पुनर्रचना’ असा मथळा. तुम्ही खुर्ची मागे सरकवता आणि सगळ्या डेस्कला ऐकू जाईल अशा आवाजात विचारता, "पुनर्रचना म्हणजे काय गं? कपाटं हलवणार आहेत का? किती माणसं घरी बसणार ते कुठंय?" मला माहीत नव्हतं. "मग जा, विचारून ये." पाळी सुटेपर्यंत मी गेटवर उभी राहिले, माणसांशी बोलले, परत येऊन बातमी नव्यानं लिहिली. तुम्ही ती वाचलीत आणि डब्यातलं अर्धं थालीपीठ माझ्यापुढे सरकवलंत. त्या दिवशी मी पत्रकार झाले, असं मी आजही मानते.

पुढे नवऱ्याला इथल्या गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही जर्मनीत आलो. मी आधी भाषा शिकले, मग एका व्यापारी साप्ताहिकात तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये लिहायला लागले. पंप बनवणाऱ्या इथल्या एका कौटुंबिक मालकीच्या कंपनीवर मी कडक लेख लिहिला होता. भारतातल्या त्यांच्याच कारखान्यातली माणसं पंपातला दोष दाखवत होती आणि इथं कुणी ऐकतच नव्हतं. लेख छापून आला त्याच आठवड्यात म्हाताऱ्या मालकांचा फोन आला. "तर, तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. लिहून झालं. आता या आणि दुरुस्त करा."

मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "म्हणजे तू आता पत्रकं काढणार."

"नाही सर, मी निर्णय घेणार आहे."

"बरं," म्हणालात आणि फोन ठेवलात. मी खूप रडले. मग डोळे पुसले आणि ठरवलं, या माणसाला चुकीचं ठरवायचंच. वर्षभरात तुम्ही गेलात; तो फोन शेवटचाच ठरला. ज्याला चुकीचं ठरवायचं तोच उरला नाही, तरी मी थांबले नाही. पंपाचं रेखाचित्र वाचायला शिकले. बैठकीत सगळे माना डोलवत असताना "हे मला कळलं नाही, पुन्हा सांगा" म्हणायला शिकले. हळूहळू सगळी निर्यात माझ्याकडे आली आणि काही वर्षांनी मालकांनी मला गेशेफ्ट्सफ्युररिन केलं, म्हणजे कंपनीची प्रमुख.

त्यानंतर काही महिन्यांतच मंदी आली. ऑर्डरी एकेक करून थांबल्या. सल्लागारांनी एक विभाग बंद करायचा आराखडा मांडला आणि कामगारांसमोर वाचायचं भाषणही माझ्या हातात दिलं. पहिल्याच ओळीत ‘रेस्ट्रुक्टुरीरुंग’, म्हणजे तीच पुनर्रचना. सर, मी तो शब्द खोडला. मग पुढची ओळ खोडली. मग कागद घडी करून बाजूला ठेवला आणि मालकांना म्हटलं, "कुणालाही काढायचं नाही. सगळ्यांचे तास कमी करू, आधी माझा पगार कापा."

कँटीनमध्ये सगळे उभे होते. कामगार प्रतिनिधी असलेल्या बाईंनी हाताची घडी घातली होती. मी ऑर्डरींची खरी परिस्थिती सांगितली. कुर्त्सआरबाइट म्हणजे काय ते इथं सगळ्यांना ठाऊक असतं: काम कमी, पगार कमी, थोडी भरपाई सरकारची. त्या बाई म्हणाल्या, "आणि तेवढ्यानं भागलं नाही तर?"

"तर याच जागी उभी राहून सांगेन. तुम्हाला वर्तमानपत्रातून कळणार नाही."

बाहेर आल्यावर मालक म्हणाले, "आता तुम्हाला माघार नाही."

"गेनाऊ," मी म्हटलं. अगदी बरोबर.

दीड वर्ष ओढलं. दोघं-तिघं स्वतःहून सोडून गेले, पण काढलं कुणालाच नाही. ज्या दिवशी सगळ्या पाळ्या पुन्हा सुरू झाल्या त्या दिवशी त्या बाई माझ्या केबिनमध्ये आल्या, हात मिळवला आणि कामावर गेल्या. मला वाटलं, हे तुम्हाला आवडलं असतं. नंतर वाटलं, नसतंही कदाचित. तुम्ही म्हणाला असतात, दोघं-तिघं का गेले ते विचारलंस का? विचारलं होतं, सर.

हे पत्र तुमच्या पुण्याच्या पत्त्यावर टाकता आलं असतं. काकू अजून त्याच घरात राहतात, आणि आलेलं प्रत्येक पाकीट उघडतात. म्हणूनच टाकणार नाही. तुम्ही गेल्यावर त्यांनी फोनवर विचारलं होतं, "शेवटी तुझ्याशी काय बोलले गं?" आणि मी सांगितलं होतं, "शाबास म्हणाले, काकू." त्या अजूनही हे सगळ्यांना सांगतात.