वास गेला तेव्हा

प्रिय आर्विड,

फोन तीनदा लावला. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बसलास की तू तो बंदच ठेवतोस, हे माहीत असूनही. मी दवाखान्यात आहे. बरी आहे, पण फार घाबरले आहे, आणि ती भीती तुझ्या जिवाची आहे.

काल सकाळी पंपघराच्या विहिरीत नमुने घ्यायला उतरले होते. माझं औषध दोन वर्षं गटारात सोडतोय ना आपण, सांडपाण्यातला तो विषारी वायू मरावा म्हणून. सातव्या पायरीवर सडक्या अंड्यांचा भपकारा आला आणि दहाव्या पायरीवर एकदम नाहीसा झाला. मला आनंद झाला रे. वर माझ्या जोडीला आलेली लुडमिला दोर धरून उभी होती. तिला ओरडून सांगितलं, की औषध लागू पडलं, कसलाच वास नाही. तिने मला खेचून वर काढलं. मी चिडले, मग तिथेच ओकले. वायू मोजायचं यंत्र मी गाडीत विसरले होते. तिने स्वतःचं दोराला बांधून खाली सोडलं, तर ते केकाटतच राहिलं. "वास गेला नाही बाई, तुझं नाक गेलं," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या गटारवाल्याची लेक तू, बापाने काहीच शिकवलं नाही?"

बाबांनी शिकवलं होतं. वास आहे तोवर काम कर, गेला की पळ. मी त्यांना हसायची, चार पुस्तकं जास्त शिकले होते ना.

आता खरं सांगते. चाचणीच्या पहिल्या महिन्यात ओलीने यंत्रं बंद पडायची, तेव्हा मी उतरणाऱ्यांना विचारून नोंद करत होते. वास नाही म्हणाले की वायू शून्य. अशी अकरा शून्यं आहेत आणि त्यातली सात तुझी. तू डोकं धरून वर यायचास आणि म्हणायचास, "खाली फुलबाग आहे पोरी, तुझं औषध भारी." मी हसून शून्य लिहायची.

त्या शून्यांवरच माझा अहवाल उभा आहे आणि त्या अहवालावरच उद्याच्या कामाला वायू रोखणाऱ्या मुखवट्याची सक्ती उठली. साहेबांना कळवलं. ते म्हणतात, हुकूम मागे घ्यायला कार्यालय उद्या सकाळी नऊला उघडेल. तुमची पाळी सातला उतरते. सगळ्यांच्या आधी, उघड्या तोंडाने, बहिणीचं औषध खरं करून दाखवायला तूच उतरणार, हे मला ठाऊक आहे. लुडमिलाचं तू ऐकणार नाहीस, म्हणून ही चिठ्ठी तिच्या हाती देऊन कामावरच्या तुझ्या गमबुटात ठेवायला सांगितली आहे. माझी लाज राखू नकोस, आर्विड. पाळीवरच्या सगळ्यांना हे वाचून दाखव, मला खोटी ठरव, आणि उतरू नकोस.

तुझीच धाकटी,
हेल्मी