खिडकीकडची कॉट

एडिसन, न्यू जर्सी
७ ऑक्टोबर १९८५

तीर्थरूप वसुधावन्संना शरयूचा साष्टांग नमस्कार (उजव्या गुडघ्याने तो निम्म्यावरच सोडला, तरी पूर्ण धरावा).

मी इथे खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुमची कंबर कशी आहे? मिरजेतला पाऊस थांबला का, आणि मागच्या खोलीतली गळती? हार्मोनियम शिकायला येणाऱ्या त्या दोघी बहिणी अजून भूपातच अडकल्या आहेत की एखादा सूर चुकून लागला? तुमचं पत्र पोचलं. आतला मजकूर चांगला होता, पण पाकिटाबद्दल मला बोलायचं आहे. तुम्ही नेहमीप्रमाणे माझ्या नावामागे 'गं. भा.' लावलंत, आणि अमेरिकन पोस्टमनची सोय म्हणून ते इंग्रजी अक्षरांत लावलंत. नातीने, म्हणजे शलाकाने, पाकीट हातात घेऊन विचारलं, "आजी, व्हॉट इज जी बी एच? इज इट अ डिग्री?" मी म्हटलं, हो, डिग्रीच आहे. परीक्षा द्यावी लागत नाही आणि परत करता येत नाही. तिने ते शाळेत सांगितलं, आणि आता तिच्या बाईंना माझं वर्गात भाषण हवं आहे. गंगा-भागीरथी म्हणे. नवरा गेला की बाईची एकदम नदी होते, तीही एक पुरत नाही. तुमचे बंधू गेले तेव्हा मी कुठेही वाहत नव्हते, रेशनकार्डावरून त्यांचं नाव कमी करायच्या रांगेत उभी होते. तुम्ही स्वतः त्याच पदवीच्या आहात, माझ्याहून सीनियर, म्हणून जास्त बोलत नाही.

इथली दिनचर्या विचारलीत. सकाळी राजीव न्यूयॉर्कची गाडी पकडायला जातो, वीणा तिची मोटार काढून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जाते, शलाकाला पिवळी बस घेऊन जाते, आणि मग या घरात मी आणि फ्रीज असे दोघंच उरतो. त्यातला फ्रीज बोलतो. रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही. समोरच्या घरातली बाई दारातून थेट मोटारीत आणि मोटारीतून थेट दारात जाते, मधल्या चार पावलांत हात हलवते, आणि त्याला इथे शेजार म्हणतात. फोन आहे, पण त्याला एक यंत्र जोडलेलं आहे. राजीवच्या आवाजात ते सांगतं की आम्ही घरी नाही. मी घरात बसलेली असते, आणि माझा मुलगा माझ्यासमोर जगाला सांगतो की घरी कोणी नाही. सगळा जन्म पुण्याच्या ट्रंक एक्सचेंजमध्ये सुपरवायझर म्हणून काढला वन्सं, अर्ध्या महाराष्ट्राला दुसऱ्या अर्ध्याशी जोडून दिलं, आणि आता मला जोडायला एक नंबर नाही. (अगदीच नाही असं नाही. इथे एक नंबर फिरवला की एक बाई हवामान सांगते. लोकल कॉल, फुकट. मी तिला दुपारी लावते. तिचे उच्चार बरे आहेत, पण 'क्लाउडी'च्या आधी उगाच श्वास घेते. माझ्या हाताखाली असती तर महिन्यात सुधारली असती.)

आता मुख्य हकीकत. गुरुवारी रात्री जेवणं झाल्यावर मी जिन्यात होते आणि ही दोघं स्वयंपाकघरात भांडी यंत्रात लावत होती. तुम्हाला ठाऊकच आहे, दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही ही आमच्या खात्याची शिस्त, आणि मी ती कडक पाळली. पण ऐकू येण्यावर खात्याचं काही बंधन नव्हतं. राजीव म्हणाला, "वीणा, आईला ते विडोज हाउस दाखवू या. शी विल लाइक इट." वीणा म्हणाली, "खरंच. बिचाऱ्या दिवसभर एकट्या असतात." मग राजीव म्हणाला, "सॅटर्डेला नेऊ. पण आधी सांगू नकोस, नाहीतर ती नाही म्हणेल."

विडोज हाउस. जिन्यातच बसले. इथल्या म्हाताऱ्यांच्या 'होम'बद्दल ऐकून होते, पण इतकं स्वच्छ नाव असेल असं वाटलं नव्हतं. थेट गं. भा. हाउस. मी वर जाऊन रडले वगैरे असं समजू नका. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर आडेलहाइड या जर्मन नन सांगत, की जिथे आपण नकोसे झालो तिथून ताठ मानेने आणि इस्त्रीच्या कपड्यात निघावं. मी शुक्रवारी दोन पातळांना इस्त्री केली. बॅगेत पातळं, ब्लडप्रेशरच्या गोळ्या, मेतकुटाचा डबा, तुमच्या बंधूंचा फोटो आणि स्वेटर भरला. शलाकासाठी डबाभर शंकरपाळे करून ठेवले, म्हणजे निदान संपेपर्यंत तरी आठवण निघेल. विचारलं मात्र कोणाला काही नाही. पुण्याची जागा मी मालकाला परत केलेली, तेव्हा 'मी माझ्या घरी जाते' हे वाक्य माझ्याकडे शिल्लकच नव्हतं, आणि ते नसेल तर भांडणात मजा नाही.

शनिवारी सकाळी वीणाने बॅग पाहिली. "आई, एका दिवसाला एवढी बॅग?" मी म्हटलं, थंडी असते. राजीव म्हणाला, "आई, रिलॅक्स. आज एकदम रिलॅक्स्ड डे." (इथे माणसाला काहीही सोसायला लावण्याआधी रिलॅक्स म्हणतात. दाढ काढणारा डॉक्टरही हेच म्हणाला होता.) शलाका मैत्रिणीकडे राहायला गेली होती, तेव्हा मी मनात म्हटलं, बरोबरच आहे, असल्या प्रसंगी मूल नको.

गावाचं नाव स्टाइनबाख. पेनसिल्व्हेनियात आहे. पूर्वी जर्मनीतून काही धर्मनिष्ठ लोक येऊन तिथे वसले. राजीव सांगू लागला की हे डच लोक. मी म्हटलं, पाट्या जर्मन, नावं जर्मन, चर्चवरची अक्षरं जर्मन, आणि डच कसे? तो म्हणाला, "आई, इथे सगळे पेनसिल्व्हेनिया डचच म्हणतात." मी सांगितलं, ते स्वतःला डॉइच म्हणाले असतील, ऐकणाऱ्याने डच ऐकलं, आणि दोनशे वर्षांत कोणी 'पुन्हा सांगा' म्हणालं नाही. माझ्या एक्सचेंजमध्ये असं झालं असतं तर सांगलीचा कॉल सांगोल्याला लागला असता. गाव मात्र सुरेख आहे, वन्सं. दगडी घरं, बुटकी दारं, रस्त्यावर लाल-पिवळी पानं, पावाचा खमंग वास. दोनशे वर्षांच्या भिंतीला ते दोरी बांधतात आणि हात लावू देत नाहीत. आपल्याकडे तेवढ्या जुन्या भिंतीवर दाताच्या डॉक्टरची पाटी असते आणि खाली सायकल टेकलेली असते. तिथे एक पीळ दिलेला खारा पाव मिळतो. प्रार्थनेला हात दुमडून बसलेल्या मुलाचा तो आकार म्हणे. राजीवने मला एक घेऊन दिला आणि अर्धा स्वतः खाल्ला, लहानपणी खायचा तसा, विचारल्याशिवाय. मी मनात म्हटलं, खा बाबा, शेवटचा.

मग ते घर आलं. दारावर स्वच्छ पाटी, विडोज हाउस. राजीव फोटो काढायला मागे राहिला, वीणा तिकिटाच्या खिडकीशी थांबली (मला वाटलं, फॉर्म भरतेय), आणि मी बॅग घेऊन एकटीच आत गेले. मिसेस हेस नावाच्या बाई दारात उभ्या होत्या, माझ्याच वयाच्या, डोक्यावर पांढरी टोपी आणि हनुवटीखाली रिबिनीची गाठ. त्यांनी समजावलं, की इथल्या बायकांच्या रिबिनीचे रंग ठरलेले असत. लहान मुलीला लाल, अविवाहितेला गुलाबी, नवरा असेल तर निळा, आणि विधवेला पांढरा. बघा आता. सात समुद्र ओलांडून आले, तर कु., सौ. आणि गं. भा. तिथे आधीच हजर, रिबिनीच्या रूपात. पाहुण्यांनी घालून पाहायला टोपल्यात टोप्या होत्या. बाईंनी माझ्या कपाळाकडे बघून माझी टिकली म्हणजे काय ते विचारलं, मग मिस्टर आहेत का विचारलं, आणि पांढऱ्या रिबिनीची टोपी पुढे केली. मी विचारलं, ट्रंक एक्सचेंजमधून रिटायर झालेल्यांचा रंग कोणता? त्या हसल्या. म्हणाल्या, माझीही पांढरीच आहे, आणि मीही दुकान चालवायचे. मग मी टोपी घातली.

वर बायकांच्या खोल्या. प्रत्येकीला एक कॉट, एक पेटी, एक खुंटी. खाली सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. त्या सूत कातत, जेवायला एकत्र बसत, आजारपणात एकमेकींच्या उशाशी बसत, आणि मिसेस हेस म्हणाल्या, सरपणावरून कडाकडा भांडत. ते ऐकून मला पहिल्यांदा बरं वाटलं. भांडायला कोणीतरी आहे म्हणजे घर नीट चालू आहे. एका खोलीत दोन कॉट होत्या. खिडकीकडच्या कॉटवर ऊन आलं होतं. मी बॅग तिच्याखाली सरकवली, वर बसले, आणि माझ्या उत्तम कॉन्व्हेंट इंग्रजीत म्हटलं की मला ही कॉट चालेल, दुसरी कोणाची आहे, आणि रात्रीचं जेवण किती वाजता असतं.

मिसेस हेस आधी हसल्या, मग थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "हनी, हे म्युझियम आहे. इथली शेवटची बाई माझ्या आजीच्या वेळी गेली." आणि आणखी हळू म्हणाल्या, की कॉटवर बसायची परवानगी नाही.

तेवढ्यात राजीव आणि वीणा जिना चढून आले. कॉटखालची बॅग राजीवला दिसली. मुलगा हुशार आहे, पण कळायला थोडा वेळ घेतो, बापावर गेलाय. "आई," तो म्हणाला, "तू बॅग का आणलीस?" मी म्हटलं, थंडी. वीणाने तोंड फिरवलं आणि पर्समधून कागदाचे रुमाल काढले. मोटारीत त्याने समोर बघतच विचारलं, "आई, मी तुला असा सोडून येईन? मला वाटलं, तुझ्या जर्मन नन्स होत्या, म्हणून तुला गंमत वाटेल." मी म्हटलं, नाही रे राजा, माझंच चुकलं. आणि ते खरं आहे. गुणी मुलगा आहे, सूनही गुणी आहे. रविवारी दोघं दिवसभर माझ्याजवळ बसली, आज सोमवार, सकाळी आपापल्या गाड्यांनी गेली.

पण एक गोष्ट त्याने विचारली नाही आणि मी सांगितली नाही. म्युझियम आहे म्हटल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. आमच्या खात्यात दिवसभर ताटकळलेल्या माणसाला शेवटी सांगावं लागायचं, लाइन मिळत नाही, कॉल रद्द करते. लोक ओरडायचे त्याचं काही वाटत नसे. काही जण मात्र नुसतं 'बरं' म्हणायचे आणि रिसीव्हर ठेवायचे. शनिवारी त्या खोलीत मी मिसेस हेसना 'बरं' म्हटलं. मराठीत.

असो. औषधं वेळेवर घ्या. मिरजेतल्या सगळ्यांना यथायोग्य.

तुमची वहिनी,
शरयू

ता. क. : मागच्या खोलीची गळती लगेच काढून घ्या. त्या खोलीत दोन कॉट बसतात का, आणि एक खिडकीकडे येते का, ते मापून कळवा. हार्मोनियमबद्दल मी आजवर जे बोलले ते मागे घेते. त्या दोघी बहिणींबद्दल नाही. दारावर पाटी लावायची झाली तर आपल्या दोघींची नुसती नावं, मागे-पुढे काही नको.

ता. क. २ : मी इथून आपणहून निघाले तर राजीवला वाटेल त्याचं काही चुकलं. तेव्हा त्याला वेगळं पत्र लिहा, की तुम्हाला हल्ली एकटं राहवत नाही, शरयूला पाठव. थोडं रडकं लिहा. तुम्हाला ते जमणार नाही हे मला माहीत आहे, तरी प्रयत्न करा. खोटं लिहिल्याचं पाप माझ्याकडे.

ता. क. ३ : खोटं नसलं, तर तेही कळवा. पण फक्त मला. पाकिटावर हवं ते लिहा.