नववी ओळ

४ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचे! टेम्पोवाल्याने सामान उतरवताना आरशाची एक कड उडवली आणि वर मलाच ऐकवलं, की बाई, तो आधीपासूनच तसा होता. एरवी त्याची काही धडगत नव्हती, पण आज मला भांडायचा मूडच नव्हता. घर आहेच तसं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि बाहेरच्या खोलीला एवढी मोठी खिडकी, की संध्याकाळपर्यंत दिवा लावायला नको. ठमी रांगत रांगत खिडकीपाशी गेली आणि तिने काचेला जीभ लावली. म्हणजे घर पसंत.

ठमी हे अर्थात लाडाचं नाव. आठ महिन्यांची, पण कडेवर घेतली की दहा मिनिटांत हात गळून येतो. जन्मदाखल्यावर छान चार अक्षरी नाव आहे. ते घेऊन हाक मारली की ती दुसऱ्याच कुणाला तरी बोलावल्यासारखं इकडेतिकडे बघते.

तिची खाट कुठे ठेवायची यावरून नवऱ्याशी थोडी जुंपली. मग खिडकीशेजारच्या कोपऱ्यात फरशीवर चार पुसट डाग दिसले. तिथे ठेवून पाहिली, तर खाटेचे चारही पाय बरोब्बर डागांवर बसले. मी म्हटलं, बघ, घर आपलीच वाट बघत होतं.

ऑफिसातून वर्षभराची रजा घेतली आहे. आठ वर्षं रेकॉर्ड विभागात जुन्या फायली शिवल्या. तारीख घालून काहीतरी लिहिल्याशिवाय आता दिवस संपल्यासारखा वाटत नाही, म्हणून ही वही. खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई एकट्या राहतात. चहा घेऊन वर आल्या आणि ठमीला बघून त्यांचा चेहराच उतरला. बाळ आहे हे आधी का नाही सांगितलं, म्हणाल्या. रडण्याचा त्रास होईल असं वाटलं असेल. मी सांगितलं, तशी गुणी आहे हो.

७ मार्च, गुरुवार

नवरा काल ट्रेनिंगला गेला, तो १६ला येणार. आणि बाईसाहेबांनी मुहूर्त साधला. सकाळपासून अंग गरम, किरकिर. थर्मामीटर शोधून अख्खं घर पालथं घातलं, तर तो माझ्याच दुसऱ्या हातात. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

घरमालकीणबाईंना डॉक्टरांचा पत्ता विचारला. त्यांनी सांगितला, पण माझ्याकडे न बघता. दवाखाना जवळच आहे, सायकलच्या दुकानावरून वळलं की पाचवं दार. कंपाउंडरचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. त्याने बाळाचं नाव विचारलंच नाही, घराचा नंबर विचारला. सतरा, वरचा मजला, म्हटलं. त्याने कपाटातून सरळ एक पिवळट कागद काढला. मला भारी गंमत वाटली. इथे कागद माणसांच्या नावाने नाहीत, घरांच्या नंबरांनी लावलेत! म्हणाला, भाडेकरू येतात-जातात, घर कुठे जातंय. अगदी पटलं. आमच्या साहेबांनी इथे येऊन शिकावं असं.

डॉक्टर म्हातारे आणि फार सभ्य. स्टेथोस्कोप आधी तळहातावर धरून गरम करतात, मग पोरीला लावतात. गुलाबी औषध दिलं, तीन वेळा. कागदावर काही फार लिहिलं नाही. निघताना म्हणाले, उद्या ती डावा कान धरेल, घाबरू नका.

८ मार्च, शुक्रवार

धरला! सकाळी सातपासून डावा कान मुठीत. डॉक्टर असावा तर असा. नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, मग तू कशाला काळजी करतेस. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय.

डॉक्टरांनी कानात थेंब घातले, औषध बदललं. म्हणाले, उद्या दूध नको म्हणेल.

९ मार्च, शनिवार

दूध घेतलं नाही. चमच्याने दिलं, वाटीने दिलं, गाणी म्हटली, भांडी वाजवली. तोंड घट्ट मिटलेलं. पुन्हा औषध बदललं. मी विचारलं, पुढचं सगळं तुम्हाला आधीच कसं कळतं? डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, सवयीने. पोरीकडे कमी बघतात, कागदाकडे जास्त. उद्या आवाज बसेल म्हणाले.

१० मार्च, रविवार

बसला. रडते, पण नुसती हवा येते. दिवसभर तिला छातीशी धरून खिडकीत बसले. माझा घसा दुखायला लागला. तिचं रडणं जणू मीच रडतेय.

आज मात्र डॉक्टरांनी पुढचं काही सांगितलं नाही. मी विचारलं तरी नाही.

११ मार्च, सोमवार

रडत नाही. अजिबात.

मला एक सवय आहे. ऑफिसात साहेबाच्या टेबलासमोर उभं राहून उलटा कागद वाचायची. आठ वर्षांत त्यात माझा हात कुणी धरू शकलं नाही. आज डॉक्टर तपासत असताना तो कागद मी समोरून उलटा वाचला.

त्यावर आमचं काही लिहिलेलंच नाही. नऊ ओळी आहेत, जुन्या शाईतल्या, आधीपासून लिहिलेल्या. डॉक्टर रोज फक्त पुढच्या ओळीसमोर त्या दिवसाची तारीख घालतात.

ताप, किरकिर. डावा कान धरते. दूध नको. आवाज बसला. रडत नाही.

मग सहावी: कोपऱ्याकडे बघून हसते.
सातवी: आईला ओळखत नाही.
आठवी: ताप नाही. वजन हलके.
नववी: आणले नाही.

प्रत्येक ओळीसमोर आमच्याआधीच्या तीन-तीन तारखा आहेत. अकरा वर्षांपूर्वीच्या, सहा वर्षांपूर्वीच्या, दोन वर्षांपूर्वीच्या. नवव्या ओळीसमोरही तीन.

नवऱ्याला फोन केला. तो हसला. जन्मभर कागद शिवलेस आणि आता कागदाला घाबरतेस? आठव्या दिवशी ताप गेला, मुलं बरी झाली, म्हणून नवव्या दिवशी आणली नाहीत. सरळ आहे.

आहे खरं सरळ. मी ते दहा वेळा मनात म्हणून पाहिलं.

१२ मार्च, मंगळवार

हसते. खाटेत उताणी पडून खोलीच्या समोरच्या कोपऱ्याकडे बघते आणि हसते. तिथे काही नाही. भिंत आहे. मी मध्ये उभी राहिले, तर मान वळवून माझ्या मागे बघायला लागली. खाट हलवली, दुसऱ्या खोलीत नेली. तिथूनही तोंड त्याच बाजूला.

दवाखान्यात मी आवाज चढवला. म्हटलं, हा आमचा कागद नाही. माझ्या मुलीला नवा कागद करा, तिच्या नावाने. रांगेतल्या बायका बघायला लागल्या. कंपाउंडर उठला, कोरा कागद घेतला. मी नाव सांगितलं, चारही अक्षरं नीट. त्याने सुंदर अक्षरात लिहिलं. मला हायसं वाटलं.

मग त्याने सुईत दोरा ओवला. नवा कागद वर, जुना खाली, डाव्या कोपऱ्यात दोन टाके आणि गाठ. संबंधित कागद सोबत जोडला.

मी आठ वर्षं हेच केलं. असेच दोन टाके, हीच गाठ. कुणाकुणाचे कागद असे कुणाच्या खाली शिवले असतील, कधी मनातही आलं नाही.

१३ मार्च, बुधवार

आज त्यांच्याकडे गेलेच नाही. बसने मोठ्या इस्पितळात. दोन तास रांग. तरुण डॉक्टरीण होती, चांगली होती. छाती, घसा, कान, रक्त, सगळं पाहिलं. म्हणाली, काही सापडत नाही हो. आधी कुणाचं औषध चालू आहे? मी सांगायला नको होतं. तिने फोन लावला. पलीकडचं ऐकत नुसती मान हलवत राहिली. मग म्हणाली, ते जाणकार आहेत, त्यांच्याचकडे न्या, मध्येच डॉक्टर बदलू नका.

मी हात जोडले. ठेवून घ्या म्हटलं, नुसती एक रात्र ठेवून घ्या. खाटा नाहीत म्हणाली.

परतताना बसमध्ये ठमीला हाक मारली. माझ्याकडे बघितलं. अनोळखी बाईकडे बघतात तसं. मग ओठ काढले आणि शेजारच्या बाईकडे हात पसरले.

तिचा हात धरून मी माझ्या नाकाला, कानातल्याला लावला. आई. आई गं, मी तुझी.

नाही.

१४ मार्च, गुरुवार

ताप नाही. अंग गार, छान. दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास कडेवर घेऊन फिरले. हात गळला नाही.

दवाखान्यात गेले. सातव्या ओळीसमोर कालची तारीख होती. मी काल आलेच नव्हते. इस्पितळातून फोन आला तेव्हाच घातली असणार.

डॉक्टरांना म्हटलं, तुमच्याही घरात मुलं असतील. त्यांनी कागद पालथा ठेवला. मग म्हणाले, मी दर वेळी औषध बदलून पाहतो हो, बाई. चारही वेळा वेगळं दिलं. त्या कागदापुढे माझे हात टेकले. मी म्हटलं, मग फाडा तो! ते म्हणाले, दुसऱ्या मुलाच्या वेळी फाडला होता. सकाळी कपाटात होता.

घरमालकीणबाई जिन्यात बसल्या होत्या, माझीच वाट बघत. मी विचारलं, आधीची मुलं बरी झाली ना? म्हणून नवव्या दिवशी नेली नाहीत ना? त्या रडायलाच लागल्या. म्हणाल्या, नेलं होतं गं. दोन वर्षांपूर्वीची ती पोरगी, त्या बाळाची आई, नवव्या दिवशी माझ्यासमोरून गेली, शाल छातीशी घट्ट धरून. मी म्हटलं, मग? म्हणाल्या, परत आली तेव्हा शाल घडी करून हातावर होती. मला विचारत होती, मावशी, तुम्ही पाहिलंत ना, मी नेलं होतं ना?

तुम्ही काय सांगितलंत, असं विचारलं. त्या उठून आत गेल्या आणि दार लावलं.

पुन्हा १४, संध्याकाळ

बॅग भरली होती. मग रिकामी केली. पळाले, तर 'आणले नाही' आपोआपच खरं. थांबले आणि नेलं नाही, तरी खरं. एकच वाट उरते. उद्या तिला त्या टेबलावर ठेवायचं, सगळ्यांसमोर. मग डॉक्टर नववी ओळ खोडतील. खोडावीच लागेल.

नवऱ्याला निघ म्हटलं, आत्ता निघ. परवा येतोच आहे ना, म्हणाला. परवा काय करायचंय.

१५ मार्च, शुक्रवार

आठ वाजता — डोळा लागू दिला नाही. हात तिच्यावरच होता. सगळा वेळ. मध्ये एकदाच पाणी प्यायला — एकदाच, दोन मिनिटं —

साडेनऊ — शालीत गुंडाळली. मी स्वतः, माझ्या हातांनी. मग खाट पाहिली. रिकामी. गादीवर हात फिरवला. रिकामी. दार ओढून घेतलं, पुन्हा उघडून पाहिली. रिकामी. म्हणजे माझ्याकडेच आहे. माझ्याकडेच.

घरमालकीणबाई दारात होत्या. मी ओरडून सांगितलं, बघा, नेतेय! त्यांनी पदर तोंडाला लावला.

दवाखाना — दुसरा नंबर. आणली. आणलीय मी हिला. वाटेत कुठे खाली ठेवली नाही, कुणाच्या हातात दिली नाही. वही तिच्यावरच टेकवून लिहितेय, मांडीवर आहे. हलत नाही. झोपलीय. तापातून उठलेलं मूल हलकंच लागतं. सगळे म्हणतात.

समोरची बाई वाकून शालीत बघायला आली — मी पाठ फिरवली. ती तिच्या जागेवर जाऊन बसली. आता रडतेय. हिला काय झालं रडायला —

कंपाउंडरने नंबर पुकारला. सतरा, वरचा मजला. नाव नाही घेतलं. मी म्हटलं, नाव घ्या. चार अक्षरं आहेत, तुम्हीच लिहिलीत —

माझ्या मांडीकडे बघतोय. बराच वेळ. आता कागदाकडे. पेनाचं टोपण काढलं.

उलटं वाचता येतं मला. नवव्या ओळीवर — समोर — १

आणलीय म्हटलं ना! थांबा! डॉक्टर आतून बाहेर आलेत, चष्मा काढून उभे — तुम्ही तरी सांगा त्याला —

१५

थांबा, शाल उघडते. सगळ्यांना दाखवते. बघा, ही काय, ही —