मासोळ्या जित्या राहिल्या पाहिजेत

१३ फेब्रु. ९४, रवि.

आज तळ्यावर रक्त सांडलं. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडचं आमचं तळं, आमची जागा, आणि तिथं दोन अनोळखी बाप्ये तराफ्यावर गळ टाकून बसलेले.  भावजींनी आमचा हरगोल, म्हणजे बांबूची गोल होडी, त्यांच्या तराफ्याला भिडवला, वल्हं उचललं आणि एकाच्या खांद्यात घातलं. हाड मोडल्याचा आवाज आला. दुसरा माझ्या अंगावर धावला, त्याचं नाक मी फोडलं. खोटं कशाला लिहू, मजा आली. पेटलो की मी मागचं-पुढचं बघत नाही, आई पण हेच म्हणायची.

दोन मरळ मिळाले. संध्याकाळी जयनगरला अक्काकडं जेवलो. अक्का नाचणीच्या उकडीचे मुद्दे, म्हणजे गोळे, वळत होती. म्हटलं, "अक्का, तुझा नवरा एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार बघ."

"कुणाचा तरी कशाला, तम्मा?" म्हणाली (धाकटा भाऊ म्हणून मी तिचा तम्मा), आणि ताट पुढं सरकवलं. मी हसलो.

२० फेब्रु., रवि.

ऊन भाजून काढतंय. मरळ जित्या मासोळीलाच तोंड लावतो, मेलेलीकडं ढुंकून बघत नाही. तेव्हा सगळं घोडं इथंच अडतं, की मासोळ्या दुपारपर्यंत जगवायच्या कशा. यात भावजींचा हात धरणारा अख्ख्या बेंगळुरात कुणी नाही. पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून तो दोरानं हरगोलाच्या सावलीच्या अंगाला पाण्यात सोडायचा. वर ओलं गोणपाट. डब्यात दाटी करायची नाही. एक मेली की लगेच बाहेर, नाहीतर बाकीच्या पण जातात. आणि मासोळीला धरायच्या आधी हात भिजवायचा. कोरडा हात लागला की तिच्या अंगावरचा बुळबुळा निघतो आणि ती मरते.

आज मी कोरडाच हात घातला, तर मनगटावर वल्ह्याचा दांडा बसला. "जीव आहे रे तो! स्वल्प हळू धर!"

मनगट टम्म सुजलंय. कमल हळद लावत म्हणाली, "मासोळीची एवढी माया, आणि मेव्हण्याचं मनगट गेलं उडत." बायको माझी बोलते बरोबर.

६ मार्च, रवि.

तळं नाही. दवाखाना.

शनिवारी आणलेल्या मासोळ्या रात्रभर अक्काकडंच असतात, प्लास्टिकच्या टबात. काल टबाला चीर गेली, पाणी गळायला लागलं. भावजी झोपलेले. अक्कानं आईचा तांब्याचा हंडा काढला, चिंचेनं घासून लख्ख केला आणि मासोळ्या त्यात ठेवल्या. तांब्याच्या भांड्यातलं पाणी सगळ्यात चांगलं, आम्ही भावंडं तेच पिऊन वाढलो. तिला वाटलं, बरं केलं.

सकाळी सगळ्या पोटं वर करून तरंगत होत्या.

त्यानं तोच हंडा उचलून तिला मारला. भरलेला. दोन बरगड्या मोडल्यात.

अक्का डॉक्टरीणबाईंना म्हणाली, न्हाणीत पाय घसरला. बाई मला बाहेर घेऊन गेल्या. "हे पडल्याचं नाही. थोडक्यात वाचल्यात. पुन्हा असा मार बसला तर मी काही करू शकणार नाही." हे ऐकल्यापासून तळपायाची आग मस्तकात गेलीय. जिन्याच्या भिंतीवर मूठ हाणली. मूठच फुटली, भिंतीला काय होणार.

७ मार्च, सोम.

रंगीत मासे विकणाऱ्याला विचारलं. म्हणाला, "अय्यो, तांब्यात ठेवलं? विष ते, माशांना."

मग भावजींच्या दुकानावर गेलो. चिकपेटच्या गल्लीत त्याचं दोर-खिळे-गळांचं दुकान. विचारलं, तांब्यानं मासोळी मरते हे तुम्हाला ठाऊक होतं?

"होतं की."

"अक्काला कधी सांगितलंत?"

"तिनं कधी विचारलं?"

आणि गिऱ्हाइकाला दोर मापून द्यायला लागला. यापुढं या माणसाला भावजी लिहायला माझा हात वळणार नाही. भा. एवढंच.

८ मार्च, मंगळ.

काल मूग गिळून परत आलो, म्हणून रात्रभर स्वतःचाच राग येत होता. आज पुन्हा गेलो. भर बाजारात कॉलर धरून भा.ला बाहेर ओढला आणि दिली. दात हलला त्याचा. गटाराच्या कडेला गुडघ्यांवर बसून रक्त थुंकत होता. अर्धा चिकपेट बघत होता. कुणी सोडवायला आलं नाही, उलट समोरच्या साड्यांच्या दुकानातला म्हातारा म्हणाला, "आणखी एक."

अक्काच्या लग्नापासून पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं. छाती अशी हलकी झाली की घरापर्यंत चालतच आलो.

१० मार्च, गुरु.

मी गाढव आहे. अस्सल गाढव.

भा. परवा दुकान बंद करून घरी गेला आणि दवाखान्यातून घरी आलेल्या अक्काला बरगड्यांच्या पट्टीवरच लाथ मारली. आज स्वतः माझ्या दारात आला सांगायला. शांत. दाढी केलेली. "तू मला एक मारलीस की तिला दोन बसतील. तूच ठरव, तुला किती मारायचंय."

कमलनं मला मागून मिठी मारून धरलं म्हणून तो जिना उतरून गेला.

११ मार्च, शुक्र.

अक्काला म्हटलं, चल माझ्याकडं. आत्ता. नेसत्या साडीनं.

"येते. मग तो तिथं येईल. कमलच्या, पोरांच्या देखत मारेल. मागं मामीकडं गेले होते तेव्हा काय झालं, विसरलास? मामीचा हात मोडला. नको तम्मा."

ठाण्यात गेलो. घरचं भांडण आहे, समजावून सांगा, म्हणाले. समजावून! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तिला त्याचा, मला माझ्या हातांचा. हात शिवशिवतात आणि उचलले की तिच्या अंगावर वळ.

२० मार्च, रवि.

पुन्हा गेलो त्याच्याबरोबर. कमलनं विचारलं, लाज नाही वाटत? सांगितलं, तो तळ्यावर माझ्यासमोर असला की तेवढा वेळ घरी नसतो. हे खरं आहे. पण सगळं खरं नाही.

भा.ला पोहता येत नाही. इतकी वर्षं पाण्यावर, पण गुडघ्याच्या वर पाण्यात कधी उतरला नाही. मी विहिरीत भोपळा बांधून शिकलेला. हरगोल म्हणजे बांबूची टोपली आणि वर डांबर. एका कडेला दोघं झुकले तर

आज एवढंच लिहितो.

२७ मार्च, रवि.

नाही जमलं.

तो वाकून मासोळ्यांचा डबा वर घेत होता. पाठ माझ्याकडं. गोणपाट पिळून पुन्हा भिजवलं, हात ओला केला, एक अर्धमेली मासोळी तळहातावर घेऊन पाण्यात हळूहळू पुढं-मागं फिरवली. कल्ले उघडायला लागले. "बघ, आली," म्हणाला. चेहरा लहान पोरासारखा झालेला. या हातांना हे येतं! म्हणजे हळू धरणं येतं, माहीत आहे, आणि घरी गेल्यावर करायचं नाही. त्यानं मला जास्तच चीड आली. सगळ्यांशी राक्षस असता तर एक वेळ समजलं असतं.

आणि तरी माझे हात मांडीवरच राहिले. भित्रा साला मी.

३ एप्रिल, रवि.

लिहू का? लिहितो. ढकलला.

दुपार. मासोळ्या पटापटा मरत होत्या. पाणीच कोमट झालेलं, त्याची विद्या चालेना. चिडून म्हणाला, "काल हिनं डबा उन्हात ठेवला असणार. घरी गेल्यावर बघतो रांडेला." आणि डबा ओढायला कडेवर वाकला. मी उठलो, दोन्ही पंजे त्याच्या पाठीवर ठेवले आणि सगळं वजन दिलं.

गेला. डब्यासकट.

हरगोल गरगर फिरला. मी कड धरून बसलो. तो वर आला, तोंड उघडं, आवाज नाही. पुन्हा आत. पुन्हा वर. एक हात हवेत. मी बघत होतो. मनात म्हणत होतो, जा. जा मेल्या. अक्काच्या बरगड्या आठवत होतो, मुद्दाम. तिसऱ्यांदा नुसतं टाळकं दिसलं आणि माझा हात गेला. कसा गेला मला कळलं नाही. केस धरले, ओढला, काखेत हात घालून आत घेतला. पाठीवर गुद्दे हाणले, मदतीचे आणि रागाचे, दोन्ही. भडाभडा ओकला.

मग माझे पाय धरून रडायला लागला. "माझा तोल गेला रे. तू नसतास तर!"

तोल गेला! त्याला कळलंच नाही. मला हसू आलं, ते घरी येईपर्यंत आवरेना.

५ एप्रिल, मंगळ.

भा. चिकपेटभर सांगत सुटलाय, मेव्हण्यानं जीव वाचवला. दुकानदार मला हाक मारून चहा पाजतात. ज्या म्हाताऱ्यानं 'आणखी एक' म्हटलं होतं, त्यानं हात जोडले, "मोठं मन आहे तुमचं." तोंडात शिव्या आल्या, चहा पिऊन गिळल्या.

कमल म्हणते, मरणाच्या दारातून आलेला माणूस बदलतो. बघू. मला पण तसंच वाटावं, अशी फार इच्छा आहे.

१२ एप्रिल, मंगळ.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. आणि मी त्याला मरू दिलं नाही.

काल युगादी झाली, म्हणजे पाडवा; आज होसतोडकु, नव्या वर्षाचं पहिलं सामिष जेवण. सगळ्या बेंगळुरात मटण. भा. पिशवीभर मटण घेऊन आमच्याकडं आला, अक्काला घेऊन. आज जे होतं ते वर्षभर चालतं म्हणतात, म्हणून आज जीवदात्याच्या घरी जेवायचं म्हणे. अक्काचा डावा डोळा मिटलेला. कारण विचारलं तर तोच म्हणाला, हसत, "पाण्याचं स्वप्न पडतं रे मला. गुदमरून जागा होतो, आणि ही शेजारी बिनघोर झोपलेली. डोकं सटकतं."

म्हणजे ते पण माझ्यामुळंच.

स्वयंपाकघरात अक्का मसाला वाटत होती. मी शेजारी बसलो. तिनं वरवंटा थांबवला नाही.

"तोल गेला नव्हता ना त्याचा?"

मी लसूण सोलायला घेतला.

"तम्मा, तुला विचारते."

"नाही."

 मसाला गंधासारखा बारीक झाला तरी वाटत होती. मग चांगल्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. राग असता तर मी झेलला असता.

"मग काढलास कशाला?"

बाहेरून भा. ओरडला, "अगं, किती वेळ?" ती ओरडली, "आयतु, आयतु! झालंच!" आणि उठली. माझ्या ताटातलं मटण मी पोरांना वाढलं. कमल बघत होती.

१५ एप्रिल, शुक्र.

अक्काचा शेजाऱ्यांकडून फोन, कारखान्यात. सुपरवायझरनं बोलावून दिला. रविवारी ती पण तळ्यावर येणार.

"वेड लागलं का तुला? बरगड्या अजून जुळल्या नाहीत."

"मी त्यांना म्हटलं, उन्हानं मासोळ्या मरतात, मी बसते डब्याजवळ, पाणी बदलते, गोणपाट भिजवते. खूश झाले. म्हणाले, आत्ता कुठं संसारात लक्ष आलं."

"अक्का, तुझ्या मनात काय आहे?"

"सुम्ने, आपलं सहजच यायचं म्हणते रे. इतकी वर्षं मासोळ्या सांभाळल्या, तळं कधी बघितलं नाही."

मशीनवर लक्ष लागलं नाही. दोन जॉब वाया घालवले. मी नाही म्हणावं? मी गेलो नाही तर ती दोघंच जातील.

१७ एप्रिल, रवि.

सकाळ. खाली ऑटो उभी. भा. ऑटोवाल्याशी भाड्यावरून भांडतोय, आवाज इथपर्यंत येतोय. अक्का वर आलीय कॉफीला. साडीचा काष्टा घातलाय, पदर कंबरेला घट्ट. आईसारखी दिसते. डोळ्याखालचं निळं आता पिवळं पडलंय.

म्हटलं, "अक्का, राहू दे आज. मी करतो काय करायचं ते. शपथ."

"तुझ्यानं होत नाही. तुझा हात जातो." प्रेमानं म्हणाली. माझ्या केसांतून हात फिरवला.

तेवढ्यात भा. वर आला, डबा काखेत. मासोळ्या बघून झालेल्या, सगळ्या जित्या, म्हणून मजेत. अक्कानं त्याला कॉफी दिली आणि त्याच्या समोरच मला विचारलं, "तम्मा, तुला पोहता येतं ना चांगलं?"

"येतं."

"मला नाही येत. आपल्या घरात पोरींना विहिरीत कुणी उतरू दिलं?" मग कप विसळत, "म्हणजे काही झालंच, तर तुला एकालाच काढता येईल."

भा. पोट धरून हसला. "अगं बाई, मला काढेल तो! एकदा काढलाय!"

अक्का पण हसली. किती वर्षांनी तिला हसताना बघितलं.  ती दोघं जिना उतरतायत. हाका मारतायत. जातो.