पिसवा कुठून येतात

हिवरखेड, भाद्रपद वद्य एकादशी

पोचले बाई एकदाची! अकोल्याहून निघून अकोटात मुक्काम केला अन् आज दुपारी बैलांची दमणी सासरच्या दारात उभी राहिली. हाडं खिळखिळी झाली, पण जीव भल्ला खुश आहे. लग्न लागलं तेव्हा मी लहान, म्हणून इतकी वर्षं माहेरीच होते. आता खरी सासरची झाले. ही वही माझ्या धाकट्या बहिणीनं, जमनानं दिली. चौथी शिकलेली आहेस, रोज लिही, नाहीतर भाकरी थापता थापता अक्षरं विसरशील, असं ठणकावलं पोट्टीनं. शुद्ध लिहायचं ठरवलंय. पण वऱ्हाडी जीभ आहे, अधूनमधून घसरणारच.

आईची कुरकुर होती. पितरपाखात कोणी सून नेतं का, दसरा झाल्यावर न्या, म्हणाली. पण हे ऐकेनात. (नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही तर लिहायचं तरी कशाला, म्हणून 'हे'.) झेंडूचा हंगाम, घरात हात कमी, आईचे गुडघे धरलेले, असं इतकं गोड बोलून सांगितलं की बाबाच विरघळले. अकोटात मला हिरव्या बांगड्या भरवल्या. कासाराला म्हणाले, दुखू देऊ नका. असा नवरा नशिबानंच मिळतो.

घर मातीचं, धाब्याचं, थंडगार. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तोंडभर हसल्या. भासरे देवीदास, म्हणजे यांचे थोरले भाऊ, कमी बोलतात. जाऊबाई नको तितक्या बोलतात. धान्याच्या खोलीला तेवढं कुलूप आहे, अन् दाराखालची फट शेणामातीनं ताजी लिंपली आहे. एवढं काय जपून राहिले, असं मी हसत विचारलं. उंदीर फार आहेत, आत्याबाई म्हणाल्या.

वद्य त्रयोदशी

मळ्यातल्या झोपडीसाठी भासऱ्यांनी परसातल्या निंबाची फांदी तोडली, अन् धपकन खारीचं घरटंच खाली आलं. तीन पिल्लं! डोळे मिटलेले, पाठीवरचे पट्टे नुसते उमटू लागलेले. कावळे टपलेच होते. मी पदरात उचलून घेतली. जाऊबाईंनी नाक मुरडलं, पण हे म्हणाले, राहू दे, तिलेही करमलं पायजे.

मग काय, कामालाच लागले. शेळीच्या दुधात पाणी घातलं, कापसाची वात भिजवून तोंडाशी धरली. चोखतात लबाड! पण अंगावर पिसवा किती, माय वं! कानामागं, काखेत नुसत्या वळवळत होत्या. एवढ्याशा जिवात रक्त ते केवढं, अन् पिणारे केवढे. न्हाऊ घालायचं नाही, गारठून मरतात. हे मला ठाऊक, कारण बाबांच्या भाजीच्या दुकानात एक खार मी अशीच जगवली होती. लाकडी फणीला एरंडेल लावायचं अन् मानेपासून शेपटीकडे हळूहळू विंचरायचं. पिसू दातांना चिकटली की रिठ्याच्या पाण्यात बुडवायची. साध्या पाण्यात मेल्या पोहतात, रिठ्यात बुडतात. खालची चिंधी रोज उकळायची. संध्याकाळी तिघं लख्ख झाली अन् माझ्या मुठीत झोपली. त्यांच्या बापाला तरी असं जमलं असतं का!

सर्वपित्री अमावस्या

सकाळी पिल्लांची टोपली उघडली तर पुन्हा पिसवा. परवाच्यापेक्षा जास्त. काल रात्री एक नव्हती, शपथेवर सांगते. विंचरून काढल्या, चिंधी उकळली, दुपारी पुन्हा तेच. आत्याबाई म्हणाल्या, खारीची जातच तशी. जाऊबाईंनी तर गल्लीभर सांगून टाकलं की नव्या सुनेनं घरात पिसवा आणल्या. मला असा राग आला! मी यांच्याकडे पाहिलं, की आता बोलतील काही. यांनी मान खाली घातली.

उद्या घट बसतो. मग सगळी मंडळी मळ्यात झोपडी टाकून राहणार. फुलं तोडायची, माळा करायच्या, गाड्या भरायच्या. घट बसला की घराला कुलूप लागत नाही अन् अखंड दिवा एकटा सोडत नाहीत. म्हणून कोणीतरी इथं राहायचं. तो मान या वर्षी नव्या लक्ष्मीचा, म्हणजे माझा! दिवा विझला तर घराण्याचं वाटोळं होतं, असं आत्याबाईंनी मला जवळ घेऊन सांगितलं. आल्या आल्या एवढा भरवसा टाकला माझ्यावर. आईला कळवायला पाहिजे.

आश्विन, पहिली माळ

घट बसला, दिवा लागला, अन् सगळे गेले. बंडीवर काय काय लादलं! गाद्या, पाळणा, शेळी, कोंबड्या, अन् जातंसुद्धा. दसऱ्यापर्यंतच जायचं तर जातं कोणी नेतं का? विचारलं तर भासऱ्यांनी बैल हाकलले.

शेजारच्या आशाबाई पिल्लांसाठी दूध द्यायला कबूल झाल्या. त्या ओट्यापर्यंत येतात, आत येत नाहीत. घर फार शांत आहे. उंदीर फार म्हणाल्या होत्या, पण इथं एक खुडबूड नाही की चूंचूं नाही.

तिसरी माळ

हे रोज सकाळी घटाची माळ आणतात. ओट्यावर ठेवतात अन् मागं सरकतात. पाणी तरी घ्या म्हटलं, तर फुलाले उशीर होऊन राहिला, म्हणाले. आज मी मुद्दाम पुढं झाले, तर तेवढेच मागं गेले. लाजतात म्हणावं तर अकोटात कुठं लाजले?

पिसवांचा आज छडा लावणार. पिल्लांची टोपली शिंक्यात टांगली अन् शिंक्याच्या दोरीला एरंडेल फासलं. आता पाहू, पिल्लांच्या अंगातून निघतात का दुसरीकडून येतात.

चौथी माळ

पिल्लं लख्ख आहेत. एक पिसू नाही. एकाचे डोळे किलकिले झाले, मलाच आधी पाहिलं त्यानं. मी जिंकले म्हणून टाळ्या पिटल्या, अन् खाली पाहिलं.

माझे पाय. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत काळे ठिपके, अन् ठिपके उड्या मारत होते. रिठ्याच्या पाण्यात पाय बुडवले तर वर काळा तवंग आला. पिल्लांवर नव्हत्याच त्या. जमिनीवरून चढत होत्या. जिथं ऊब असेल तिथं.

यांना लांबूनच पाय दाखवले. पिल्लं फेकून दे, म्हणाले. टोपली वर टांगून पाहिली, पिसवा पिल्लांच्या नव्हेत, हे मी सांगू लागले. ते ऐकून घ्यायला थांबले नाहीत.

पाचवी माळ

सकाळपासून गल्लीत बंड्यांचा खडखडाट. सगळेच निघाले. आशाबाईंच्या ओसरीत उंदीर पडला. आम्ही अकोल्याचे, आम्हाला काय सांगावं लागतं? उंदीर टपाटप पडले की मागून माणसाला गाठीचा ताप येतो. घर सोडून वावरात राहायचं, हे शेंबडं पोरही जाणतं.

मी म्हटलं, थांबा, मळ्यात आमच्याकडे निरोप द्या, मलाही न्यायला या म्हणावं. आशाबाई बंडीत बसल्या होत्या. त्या रडायला लागल्या. सुरुवात तुमच्याच घरापासून झाली, म्हणाल्या. मी यायच्या आधी. देवीदास पहाटे मेल्या उंदरांच्या टोपल्या भरभरून ओढ्यावर नेत होता, वर झेंडूची फुलं पसरून. मग सांगितलं का नाही, असं विचारलं. दुसऱ्याच्या घरातलं आपण कसं बोलावं, म्हणाल्या. दुधाची लोटी वाटेवर ठेवली अन् गेल्या.

मी घरात आले. धान्याच्या खोलीपुढं बसले अन् फटीची माती उलथन्यानं खरवडली. वास आला. मग शेपट्या दिसल्या. शेपट्या, शेपट्या, एकावर एक. अन् त्या फटीतून पिसवा अशा निघाल्या, जशी तिळाची पिशवी फाटावी. ज्याच्यावर राहत होत्या ते मेलं. आता इथं ऊब असलेली मी एकटी.

सहावी माळ

दिव्यात काठोकाठ तेल घालून मळ्यात गेले. मनात होतं, यांना ठाऊक नसेल. भासऱ्यांनी लपवलं असेल, आत्याबाईंनी लपवलं असेल, यांना नसेल ठाऊक.

जाऊबाईंनी पोरांना झोपडीत ओढलं. त्यांनीच ढेकूळ उचललं; भासरे कुठं दिसले नाहीत. आत्याबाईंनी लांबून मला हात जोडले, देवीला जोडतात तसे, अन् आधी काय विचारलं? दिवा चालू आहे ना.

हे माळ ओवत बसले होते. मी कुंपणापाशी उभी राहून विचारलं, बांगड्या भरल्या तेव्हा ठाऊक होतं? सुई थांबली नाही. कोणीतरी राहायलेच पायजे होतं, म्हणाले. अन् आत्याबाई म्हणाल्या, "घरचं मानूस कसं ठेवू वं तठी?"

मग मी कोण?

मी कोण वं तुमची?

दुसऱ्या झोपड्यांकडे गेले. कोणी जवळ येऊ देईना, त्या घरची म्हणून. अकोल्याला पायी निघावं वाटलं. मग आठवलं, तिथं आई, बाबा, जमना. हे अंगावर घेऊन त्यांच्यात जाऊ? परत आले. दार उघडंच होतं. कुलूप लावत नाहीत ना.

सातवी माळ

ताप आहे. जांघेत दुखते. हात लावून पाहिलं नाही. पाहणार नाही.

टोपली निंबावर नेऊन बांधली. कशी चढले माझं मला ठाऊक. वाटलं, माझ्याजवळ राहून मरतील त्यापेक्षा — अन् खारीण आली! इतक्या दिवसांनी आली. एकेकाला तोंडात धरून वरच्या ढोलीत नेलं. तिसऱ्यासाठीही आली. मी ओसरीत बसून इतकी रडले, इतकी रडले. जनावर परत आलं, अन् मला हात धरून आणणारा माणूस —

माळ ओट्यावर पडली आहे. उचलली नाही.

आठवी माळ

गाठ आहे. लिंबाएवढी.

ते आले. खूप लांब उभे. म्हणाले दिव्याची काळजी करू नको. तुझ्यानं होत नसंल तर जमना येऊन राहिली. उद्या पोचते.

मी म्हटलं काय?

तुझ्या सोबतीले. देवीदासभाऊ आणायले गेला.

अकोला दोन दिवस जायले, दोन दिवस यायले. म्हणजे सहाव्या माळेच्या पहाटेच धाडलं, म्हणून भासरे मळ्यात नव्हते. मले ताप नव्हता तवा. फक्त पाय दाखवले होते. पाय पाहूनच यांनी — दुसरी —

पाया पडले. मातीत डोकं ठेवलं. म्हटलं मी मरीन गुमान, तक्रार नाही, दिवा राखत मरीन, पण तिले नोको. अजून तेरा वर्षांची नाही ती. बाबांनी तुमच्या गोड बोलण्यावर दुसरी पोर धाडली जी —

एकच रात्र अन् एक दिवस तर, म्हणाले. दसऱ्याले घट उठते.

गेले.

नववी माळ

उभं राहवत नाही. सरपटत देव्हाऱ्यापाशी —

विझवला. फुंकून. शांत झाला म्हणतात ना, तसं नाही. मी विझवला. आता राखायले काही नाही. कोणाले ठेवायचं कारण नाही. वाटोळं होऊ दे.

ओट्यापर्यंत जायचं. दारात आडवं पडायचं. वही संगं —

घुंगरं.

दमनी गल्लीच्या तोंडाशीच थांबली. भासरे पुढं येत नाहीत. तिले उतरवून राहिले. बोट दाखवून राहिले, ते घर.

हाका मारते. आवाजच नाही. नुसती हवा. हात हलवला — तिले वाटलं बोलावून राहिली —

हसली. ताई ताई करत पळून राहिली. नोको जमने. तठीच थांब. तठीच —

थांबली. माय, थांबली —

नाही. चपला काढून राहिली. देव बसले आहेत म्हणून. चपला काढल्या, पाय धुतले रांजणाच्या पाण्यानं, अनवाणी — जमने मागं हो — माह्यावरून नोको ओलांडू — जमने पाय —