पडदा हलेपर्यंत तलवार नाही

शुक्रवार, २ मे
काल त्या जगप्रसिद्ध दिग्दर्शकाचा चिनी तलवारबाजीचा सिनेमा पाहिला. दोन तासांत मारामारी चार मिनिटं. बाकी नायिका पडद्याआड उभी, पडदा हलतोय, कुणी अवाक्षर काढत नाही. बायको दहाव्या मिनिटाला घोरायला लागली. मला साक्षात्कार झाला. इथल्या आखातातल्या मराठी मंडळाच्या शॉर्टफिल्म स्पर्धेत यंदा हेच! गेल्या वर्षीचं उत्तेजनार्थ गेलं उडत. यंदा बेस्ट डायरेक्टर.

रविवार, ४ मे
नायिका: बायको, सुरेखा. हॉस्पिटलात बारा तास उभी राहून आल्यावर पुन्हा तलवार घेऊन उभी राहणार नाही म्हणाली. कशीबशी तयार केली. तलवार शिवजयंतीची, पुठ्ठ्याची. संवाद शून्य. मंडळाचा सेक्रेटरी जयप्रकाश म्हणाला, एखादा तरी डायलॉग टाक, लोक झोपतील. झोपू देत! तत्त्व सोडणार नाही.

शनिवार, १० मे
पडदा हलत नाही. टेबलफॅनने नुसता फुगतो. उर्वी म्हणते, बाबा, इट लुक्स प्रेग्नंट. लेकीला कॅमेरा दिला हीच चूक. खरा वारा हवा. धुळीचं वादळ येईपर्यंत शूटिंग बंद. मोठी माणसं अशीच थांबतात.

मंगळवार, २० मे, दुपारी ३.१०
आलं! आमचं अख्खं सालमिया धुळीने पिवळं. पोट दुखतंय सांगून ऑफिसातून सटकलो. सुरेखाची सुट्टी, ती पोहे परतत होती. तशीच ओढून उभी केली. खिडकी सताड उघडली. काय पडदा हलला! (रॉडसकट पडला, ते नंतर.) तिच्या डोळ्यांत पाणी. काय अभिनय! मग खोकत खोकत तलवार फेकली आणि ओरडली, अहो, खिडकी लावा, पोह्यांत माती गेली! एवढंच कापायचं.

त्याच दिवशी, ७.००
सोफ्यात वाळू. झाडू माझ्याकडे. कलेची किंमत.

गुरुवार, २९ मे
एडिटिंग उर्वीने केलं. शेवट काप म्हणून तीनदा बजावलं. ओके म्हणाली.

शुक्रवार, ३० मे
कार्टीने कापला नाही. हॉलमध्ये हशा, टाळ्या, वन्समोअर! माझ्या मूकपटाला बक्षीस मिळालं, सर्वोत्कृष्ट संवादाचं. लेखिका: सुरेखा. परीक्षकांना सिनेमातलं ओ की ठो कळत नाही. माझ्या घरात, माझ्या दिग्दर्शनाखाली उच्चारलेलं वाक्य माझंच! लेखी निषेध करणार म्हणजे करणार.

मंगळवार, ३ जून
निषेधाचा तिसरा ड्राफ्ट लिहीत होतो. बाहेर पुन्हा पिवळं झालं. स्वयंपाकघरातून बक्षीसपात्र संवाद ऐकू आला.
खिडकी लावली.